घाटावरची माणसं, बोटीवरची नोकरी

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांचा समुद्राशी काय संबंध, असं कुणी विचारलं तर प्रश्न हसण्यावारी न्यावा असाच वाटतो. पश्चिमेला सह्याद्रीची भिंत, तिच्या पलीकडे कोकण आणि अलीकडे आम्ही. कुकडी, मीना, घोड या आमच्या नद्यासुद्धा समुद्राकडे पाठ करून पूर्वेला वाहत जातात. आमच्याकडे टोमॅटो, कांदा, द्राक्षं आणि ऊस, नारायणगावचा तमाशा, ओझर आणि लेण्याद्रीचे गणपती, उसात वाढणारे बिबटे. पोहायला शिकायचं ते विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. तरीही मंचर, घोडेगाव, नारायणगाव, ओतूर या पट्ट्यातल्या माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत आज 'धाकटा कुठे असतो?' असं विचारलं की उत्तर मिळतं, 'बोटीवर'.

मीही त्यांतलाच एक. मीना नदीच्या काठी आमचं गाव, वडील शेतकरी. १९९७ साली मी पहिल्यांदा बोटीवर चढलो आणि फेब्रुवारी २०२० मध्ये शेवटचा उतरलो. मधल्या काळात असिस्टंट वेटरचा वेटर झालो, वेटरचा हेड वेटर झालो. कंपनी युरोपातली, शंभर वर्षांहून जुनी. नाव सांगितलं तर एक तर जाहिरात होईल, नाहीतर उणंदुणं काढल्यासारखं होईल, म्हणून सांगत नाही. आता गावी असतो, तर अधूनमधून एखादं कुटुंब भेटायला येतं. मुलगा हॉटेल मॅनेजमेंट करून बसलेला असतो. बाप विचारतो, "तात्या, पगार किती पडतो?" आई विचारते, "खायला काय देतात?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण ज्या प्रश्नापासून सुरुवात व्हायला हवी तो सहसा कुणी विचारत नाही. मुलगा वर्षातले किती दिवस घरी नसेल, आणि त्या दिवसांत घराचं काय? इतक्या वर्षांनंतर माझं मत असं झालं आहे की, बोटीवरचा पगार जितका कामाचा असतो तितकाच गैरहजेरीचा असतो. घरातून पाऊल टाकण्यापूर्वी हा हिशेब मांडायला हवा.

नाणेघाट ते बॅलार्ड पिअर

समुद्राशी आमचा संबंध नाही, हे तसं खरं नाही. दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळात, कल्याण आणि सोपारा बंदरांत उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरला येई आणि पुढे पैठणकडे जाई. घाटाच्या माथ्यावर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण अजून आहे, आणि तिथल्या गुहेत नागनिका राणीचा शिलालेख आहे. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. तिथल्या तीन ब्राह्मी लेखांत दान देणाऱ्यांनी स्वतःला 'यवन' म्हटलं आहे, म्हणजे पश्चिमेकडून आलेले परदेशी. त्यांतल्या इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी खोदवली, आणि चिट नावाच्या यवनाने भिक्षुसंघाला भोजनमंडप दिला. युरोपियनांच्या भोजनगृहात निम्मं आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला हा चिट विशेष जवळचा वाटतो. त्याच्या लोकांनी आमच्या गावी जेवणाची सोय केली, आम्ही त्यांच्या बोटीवर ताटं वाढून त्याची फेड केली म्हणा!

पुढे मुंबई वाढली तशी आमच्या तालुक्यांतली माणसं घाट उतरून तिकडे गेली. मुंबईचे डबेवाले मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव आणि जुन्नर भागातले, हे सर्वांना ठाऊक आहे. बाकीचे भाजीबाजारात, गिरण्यांत आणि गोदीत लागले. माझे आजोबा गोदीत हमाल होते. १८८० ची प्रिन्सेस डॉक, १८८८ ची व्हिक्टोरिया डॉक आणि १९१४ ची अलेक्झांड्रा डॉक, जिला आज इंदिरा डॉक म्हणतात, ही नावं त्यांच्या तोंडी आमच्या शेतांच्या नावांसारखी असत. बॅलार्ड पिअरला पी. अँड ओ. कंपनीची विलायतेची बोट लागली की अख्खा धक्का कसा गजबजून जाई, ते ओसरीवर बसून रंगवून सांगत. याच कंपनीच्या 'मोरिया' बोटीवरून १९१० साली सावरकरांनी मार्सेलिसला उडी घेतली, आणि याच कंपनीच्या 'राजपुताना' बोटीने १९३१ साली गांधीजी गोलमेज परिषदेला गेले.

आजोबांनी या बोटी पाहिल्या त्या धक्क्यावरून. आत नोकरी मिळे ती ठरावीक मुलखातल्या माणसांना. डेकवर रत्नागिरीकडचे आणि गुजरातचे खलाशी, इंजिनखोलीत पंजाब आणि सरहद्दीकडचे, आणि सलूनमध्ये, म्हणजे जेवणघरात व केबिनच्या सेवेत, गोव्याचे. सारंग, टंडेल, सुकाणी, कसाब, भंडारी, टोपस अशी सगळी उतरंड होती. सारंग भरती करताना आपल्या गावचीच माणसं घेई. गोव्याच्या तारवट्यांचे, म्हणजे बोटीवर काम करणाऱ्यांचे, गावोगावचे 'कूड' मुंबईत धोबीतलावाच्या आसपास होते; बोटीची वाट पाहत माणूस तिथे राही. गोऱ्या खलाशापेक्षा या सर्वांचा पगार कितीतरी कमी असे, पण नोकरी बापाकडून लेकाकडे जाई. 'घाटी' हमालाचा त्या साखळीत नंबर लागत नसे.

विमानं आली आणि ही साखळी तुटली. जुन्या कंपन्या मात्र बुडाल्या नाहीत. १८३७ ची पी. अँड ओ., १८४० ची क्यूनार्ड, १८७३ ची हॉलंड अमेरिका लाइन, आणि १८५४ साली जिनोआत ऑलिव्ह तेल व कापडाचा व्यापार करणाऱ्या घराण्यातून उभी राहिलेली कोस्टा, या चारही नावांच्या बोटी आजही समुद्रावर आहेत. मालकी मात्र आता कार्निव्हल या एकाच समूहाकडे आहे. पूर्वी बोट माणसाला कुठेतरी पोचवायला निघे. आता ती त्याला आठ-पंधरा दिवस फिरवते आणि निघाली तिथेच आणून सोडते. प्रवासाची बोट सहलीची झाली, तिच्यावर पंचतारांकित हॉटेल उभं राहिलं, आणि ते चालवायला सारंगाच्या ओळखीऐवजी हॉटेलच्या डिप्लोम्याला किंमत आली. आमच्या पोरांना दार उघडलं ते असं.

बोटीच्या पोटातलं गाव

प्रवाशांना दिसते ती बोट वेगळी आणि आमची वेगळी. वर संगमरवरी जिना, पियानो, पोहण्याचे तलाव. खाली पाण्याच्या पातळीच्या आसपास एक लांबलचक बोळ, बोटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. हल्ली बहुतेक बोटींवर त्याला अमेरिकेतल्या महामार्गावरून 'आय-९५' म्हणतात. जुन्या ब्रिटिश मंडळींच्या तोंडी 'बर्मा रोड' असे. भाजीचे खोके, कपड्यांच्या गाड्या, प्रवाशांच्या बॅगा आणि आम्ही, सगळी वर्दळ याच बोळातून. बाजूला आमच्या खोल्या. दोघांत एक खोली, एकावर एक दोन बाकडी, खिडकी नाही. पहाट झाली की नाही हे घड्याळच सांगणार, आणि बोट पूर्व-पश्चिम चालली असेल तर तेही रात्रीतून तासभर पुढे नाहीतर मागे झालेलं.

दिवस असा. सकाळी साडेसहाला नाश्त्याची तयारी, मग दुपारचं जेवण, मग थोडी झोप. संध्याकाळी जेवणाची पहिली पंगत, तिची ताटं उचलून होतात न होतात तोच दुसरी. रात्री अकराला टेबलं पुन्हा मांडून झाली की सुटी. आठवड्याची रजा नाही. सात-आठ महिन्यांच्या करारात रविवार नावाचा वार येतो तो फक्त कॅलेंडरवर. सर्वांत अवघड दिवस बंदर बदलण्याचा. सकाळी दोन हजार माणसं उतरतात, संध्याकाळपर्यंत नवी दोन हजार चढतात, आणि मधल्या काही तासांत चादरीपासून चमच्यापर्यंत सगळं पुन्हा नवं दिसायला हवं. त्यातच अमेरिकी बंदरात आरोग्य खात्याचे तपासनीस अचानक चढले तर फ्रीजच्या रबरापर्यंत सगळं तपासतात. शंभरात शहाऐंशी गुण मिळाले तर पास, त्याखाली नापास. आमच्या शाळेत पस्तिसाला पास करत, याची तेव्हा फार आठवण येई.

या गावात पन्नास-साठ देशांची माणसं राहतात, आणि ती एकमेकांना सांभाळून घेतात. माझा पहिला गुरू एक गोवेकर वेटर. त्याचे वडीलही बोटीवर होते आणि आजोबाही. हातावर झाकलेल्या ताटांची उतरंड कशी पेलायची, बोट डुलत असताना गुडघे कसे सैल ठेवायचे, एखादी एकटी म्हातारी प्रवासी जेवायला आली तर तिच्याशी किती बोलायचं आणि कधी थांबायचं, हे त्याने शिकवलं. तो कोकणी बोले, मी मराठी. दोघांनाही इंग्रजीची गरज पडली नाही. भाद्रपदात आम्ही सात-आठ मराठी पोरं कर्मचाऱ्यांच्या जेवणघरात गणपती बसवत असू. बोटीवर उघडी ज्योत चालत नाही, आगीची भीती सर्वांत मोठी. म्हणून आरती विजेच्या दिव्यावर. प्रसादाचा शिरा मात्र इटालियन आचाऱ्याने करून दिला होता आणि तो उत्तम झाला होता.

जग पाहायला मिळतं का? मिळतं, पण तुकड्यातुकड्यांनी. बार्सिलोना मला दोन-दोन तासांच्या हिशेबात माहीत आहे. नॉर्वेच्या गैरांगर फियोर्डमध्ये बोट डोंगरांच्या कुशीतून हळूहळू आत जाते आणि 'सात बहिणी' नावाचे धबधबे कड्यावरून खाली येतात. प्रवासी गप्प होऊन पाहत उभे राहतात. मी ताटं उचलता उचलता खिडकीतून पाही, आणि मला श्रावणातला माळशेज आठवे. आमच्या नाणेघाटात तर पावसाळी वाऱ्याने धबधबा उलटा वर उडतो, हे सांगितलं की टेबलावरच्या मंडळींना थाप वाटे.

दोन रकाने

आता गैरहजेरीबद्दल. माझ्या लग्नानंतरच्या काळात सॅटेलाइटचा फोन महाग होता. बंदरात उतरलं की टेलिफोन कार्ड घेऊन रांगेत उभं राहायचं, आणि पलीकडे फोन लागला तर पाच-सात मिनिटं बोलायचं. एवढ्या वेळात काय सांगायचं आणि काय नाही, यासाठी माझ्या बायकोने शंभरपानी वही केली होती. प्रत्येक पानावर दोन रकाने. डावीकडे 'सांगायचं', उजवीकडे 'आल्यावर सांगायचं'. डावीकडे असे मुलाचे मार्क, टोमॅटोचा भाव, कुणाचं लग्न. उजवीकडे असे : नव्या बोअरला पाणी लागलं नाही. आईंना चक्कर आली, टाके पडले. बिबट्याने शेळी नेली. मुलगा तीन दिवस तापाने फणफणला. रजेवर आलो की ती उजवा रकाना मला वाचून दाखवी. तोपर्यंत त्यातलं सगळं निभावून झालेलं असे, तिने एकटीने. माझ्या हाती काही करण्यासारखं उरत नसे.

वही भरत गेली तसा मुलगाही वाढत गेला. प्रत्येक रजेत पहिले चार दिवस तो मला पाहुण्यासारखं वागवी. पाणी आणून देई, समोर बसे, विचारल्यावर बोले. पाचव्या दिवशी हट्ट करायला लागला की समजायचं, ओळख पटली. आणि हट्ट पुरवता पुरवता रजा संपे.

२००४ च्या नोव्हेंबरात आमची बोट मदेइराहून बार्बाडोसला निघाली होती. हिवाळा लागला की भूमध्य समुद्रातल्या बोटी अटलांटिक ओलांडून कॅरिबियनकडे जातात. मध्ये सहा दिवस नुसतं पाणी. निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी निरोप आला, वडील गेले. मधल्या समुद्रात बोट थांबत नाही आणि हेलिकॉप्टर तिथवर पोचत नाही. कप्तान स्वतः भेटायला आला, चांगलं बोलला. मी विचारलं, कामावर गेलो तर चालेल का? खिडकी नसलेल्या त्या खोलीत बसून करणार काय? चार दिवस मी दोन्ही पंगती वाढल्या. मग बार्बाडोस, लंडन, मुंबई आणि नारायणगाव असा सातव्या दिवशी घरी पोचलो. अग्नी चुलतभावाने दिला होता. दहाव्याला मात्र नदीवर होतो. कुणाचाच दोष नव्हता. करारावर सही करताना हेही त्यात असतं, फक्त ते छापलेलं नसतं.

आता व्हॉट्सॲप आलं, बोटीवर इंटरनेट आलं, मुलं रोज आईचा चेहरा पाहतात. पण मी पाहतो ना, उजवा रकाना अजून आहे. पडद्यावर सगळे हसतात आणि फोन ठेवल्यावर डोळे पुसतात.

सात आखूड, एक लांब

बोटीवरचा वेटर नुसता वेटर नसतो, हे लोकांना माहीत नसतं. सात आखूड आणि एक लांब असा भोंगा वाजला की ताट ठेवायचं, जीवरक्षक जाकीट घालायचं आणि नेमून दिलेल्या जागी उभं राहून प्रवाशांना होड्यांकडे न्यायचं. टायटॅनिक बुडाल्यानंतर १९१४ साली समुद्रावरच्या सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. तेव्हापासून नियम वाढत गेले आहेत, आणि बहुतेक नियमांमागे एखादा अपघात आहे.

१३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटाजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आपटून कलंडली. बोटीवर चार हजारांहून अधिक माणसं होती. ३२ जण दगावले. त्याच संध्याकाळी चिव्हितावेक्याला चढलेल्या प्रवाशांची सुरक्षेची कवायत अजून व्हायची होती, कारण तेव्हाच्या नियमात चोवीस तासांची सवलत होती. १ जानेवारी २०१५ पासून बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी कवायत घेणं बंधनकारक झालं. त्या अपघातातला शेवटचा मृतदेह सापडायला नोव्हेंबर २०१४ उजाडला, आणि तो एका भारतीय वेटरचा होता. प्रवाशांना मदत करताना त्याला शेवटचं पाहिल्याचं सांगितलं गेलं. आम्ही कुणी त्याला ओळखत नव्हतो, पण ती बातमी आली त्या रात्री आमच्या जेवणघरात कुणी मोठ्याने बोललं नाही.

आणि मग २०२०. मी उतरलो आणि महिनाभरात करोनामुळे जगभरच्या क्रूझ बोटी थांबल्या. प्रवासी घरी गेले. कर्मचारी मात्र बोटीवरच अडकले, कारण त्यांना उतरवून घ्यायला बंदरं तयार नव्हती. 'मरेला डिस्कव्हरी' या बोटीवरच्या सुमारे दीडशे भारतीयांना मुंबईत उतरता आलं ते २३ एप्रिलला. कितीजण त्यानंतरही समुद्रावर राहिले. आजवर न विचारलेला तो प्रश्न, 'मुलगा घरी कधी येणार?', त्या उन्हाळ्यात आमच्याकडच्या घरोघरी विचारला गेला.

सही करण्याआधी

मग जाऊ नये का? असं मी कधीच सांगत नाही. माझं घर, ठिबकवरची द्राक्षबाग, मुलाचं इंजिनिअरिंग हे सगळं बोटीने दिलं. माझ्या गोवेकर गुरूच्या वडिलांच्या काळात नव्हते असे हक्क आज कागदावर आहेत. जिनिव्हात २००६ साली झालेला सागरी कामगार करार २०१३ पासून अमलात आहे आणि भारताने तो २०१५ साली मान्य केला. चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती मिळायलाच हवी, करार संपल्यावर मालकाच्या खर्चाने घरी पोचवायला हवं, हे त्यात आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, नोकरी लावून देण्यासाठी एजंटाने उमेदवाराकडून पैसे घ्यायचे नाहीत. पासपोर्ट, खलाशी-पुस्तिका म्हणजे सीडीसी आणि वैद्यकीय तपासणी यांचा खर्च आपला. 'जागा पक्की करण्याचा' कुठलाही खर्च आपला नाही. मुंबईचं नौवहन महासंचालनालय भरती करणाऱ्या एजंटांना परवाना देतं, त्याला आरपीएसएल म्हणतात, आणि परवानाधारकांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. तरीही जमीन गहाण टाकून 'साहेबां'ना दोन-तीन लाख दिलेली माणसं माझ्या ओसरीवर येऊन बसली आहेत. पावती नाही, कंपनीचं नाव नाही, फक्त एक मोबाइल नंबर, आणि तोही बंद. ज्याला पैसे मागावेसे वाटतात त्याच्याकडे नोकरी नाही, एवढं धरून चालावं.

घरच्या बाजूलाही कागद करावे लागतात. बायकोचं किंवा आईचं नाव खात्यावर असावं, सोसायटीच्या आणि सातबाराच्या कामासाठी सहीचा अधिकार कुणाकडे ते निघण्याआधी ठरावं. किती करार करायचे याचा आकडा दोघांनी मिळून ठरवावा आणि लिहून ठेवावा. माझा आकडा पाच होता. वीस झाले. दर वेळी एखादं कारण असे आणि ते खरंही असे : विहीर, बहिणीचं लग्न, मुलाची फी.

गेल्या वर्षी आंबेगावच्या पश्चिमेकडून एक महादेव कोळी मुलगा आईला घेऊन आला होता. त्यांचं जुनं गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलेलं; उरलेल्या वरकस जमिनीत भात आणि हिरड्याची काही झाडं. मुलगा हुशार, घोडेगावला शिकलेला, धरणात पोहून तरबेज. पगाराचं, कामाचं, कागदांचं सगळं बोलणं झालं. आई गप्पच होती. उठताना तिने विचारलं, "दादा, हा गेला न् माघारी माझं काही झालं, तर किती दिवसांत येईल?"

मी तिला खरं ते सांगितलं. बंदरात असेल तर दोन-तीन दिवस, मधल्या समुद्रात असेल तर आठवडा. ती थोडा वेळ विचार करत राहिली. मग मुलाकडे वळून म्हणाली, "चुलत्याला सांगून ठेव." मुलाने मान डोलावली.

तो जूनमध्ये रुजू झाला. एजंटाला एक पैसा न देता. त्याची आई दर महिन्याला बाजाराच्या दिवशी मला फोन करते आणि बोट सध्या कुठे आहे ते विचारते. मी नकाशा काढून सांगतो.